बासरीतला वरचा सूर कसा लागतो

(व्याख्यानाचं शब्दांकन. बासरीवरची प्रात्यक्षिकं कंसात नोंदवली आहेत.)



मघाशी परिचय करून देताना माझा उल्लेख बासरीवादक असा झाला. तेवढी एक दुरुस्ती करून सुरुवात करतो. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि संध्याकाळी घरी बासरी शिकवली. मैफली गाजवणारा माणूस मी नव्हे. पण शिकणाऱ्यांच्या चुका मी भरपूर ऐकल्या आहेत, आणि त्यांतल्या काही चुका मीच त्यांना शिकवल्या होत्या. आज त्यांतल्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा. आठवीतला. हात चांगला, कान तर फारच चांगला. सा, रे, ग, म महिनाभरात स्वच्छ वाजायला लागले. पुढचा पंचम मात्र लागेना. मी त्याला म्हणालो, ‘जोर लाव.’ त्याने जोर लावला. कधी शिट्टी निघायची, कधी नुसती हवा. मी म्हणालो, ‘अजून जोर लाव, पोटातून.’ बिचारा लाल व्हायचा. एक दिवस त्याला घेरी आली, भिंतीला धरून खाली बसला. पुढच्या आठवड्यात त्याची आई येऊन सांगून गेली, ‘सर, तो म्हणतो, माझ्यात दमच नाही. तेव्हा आता तबल्याला घालतो.’

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नसेल दम, असं मीही म्हणालो. त्यानंतर काही वर्षांनी नऊ-दहा वर्षांची एक किडकिडीत मुलगी शिकायला आली. तिने कुणीही न सांगता, अगदी हळू आवाजात, तार सप्तकातला पंचम लावला. शेजारी एक तालमीत जाणारा तरुण बसला होता. गाल फुगवून फुगवून त्याचा मध्य पंचमसुद्धा लागत नव्हता. त्या संध्याकाळी मला झोप आली नाही. दम कुणाकडे जास्त होता, सांगायला नको. मग सूर तिचा का लागला?

त्याचं उत्तर कॉलेजात मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. फक्त ते माझ्या बासरीपर्यंत पोचलं नव्हतं.

पंचमाचा उंबरठा

आधी आपली बासरी कशी आहे ते बघू. हिंदुस्थानी संगीतात वाजते ती आडवी बांबूची बासरी: फुंकायचं एक छिद्र, त्याला मुखरंध्र म्हणू, आणि बोटांची सहा छिद्रं. वरची तीन छिद्रं बंद केली की सा. दोन बंद, रे. एक बंद, ग. पहिलं छिद्र अर्धं झाकलं की शुद्ध मध्यम. सगळी बोटं उचलली की तीव्र मध्यम. (वाजवून दाखवतात.)

इथे बोटं संपली. आता पंचम कुठून आणायचा? तर पुन्हा सहाच्या सहा छिद्रं बंद करायची. पण सगळी छिद्रं बंद केल्यावर साध्या फुंकेने येतो तो मंद्र पंचम, खालचा. आपल्याला त्याच्या बरोबर दुप्पट कंपनांचा पंचम हवा आहे. बोटं तीच, नळी तीच, लांबी तीच. बदलायची आहे ती फक्त फुंक.

म्हणजे बघा, पेटीवाल्याला मध्यमानंतर पंचम म्हणजे नुसती पुढची पट्टी. बासरीवाल्याला मात्र तो उंबरठा आहे. एका क्षणात सहा बोटं एकदम बसवायची आणि फुंकही बदलायची. त्यामुळे ‘वरचे सूर’ म्हटलं की आपल्याला तार सप्तक आठवतं, पण नवशिक्याचा पहिला वरचा सूर हा मध्य सप्तकातला पंचमच असतो. बासरी माळ्यावर जाते ती बहुतेक वेळा इथूनच.

लोणावळ्याहून निघा

आता फुंक म्हणजे नेमकं काय होतं? ओठांच्या फटीतून हवेची एक पातळ पट्टी निघते आणि मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आपटते. ती तिथे स्थिर राहत नाही. क्षणात कडेच्या आत जाते, क्षणात बाहेर. हे आत-बाहेर होणं नळीतल्या हवेच्या हेलकाव्याशी जुळलं की सूर लागतो. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला तरच झोका चढतो, तसंच हे.

पट्टीवरची लाट ओठांपासून कडेपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. सूर नीट लागायचा असेल तर हा वेळ, ढोबळ मानाने, त्या सुराच्या एका कंपनाच्या निम्म्या वेळाइतका असावा लागतो. आकडे घेऊ. पांढरी तीनची बासरी धरा. तिचा सा सुमारे ३३० कंपनांचा, मंद्र पंचम सुमारे २४७ चा. म्हणजे एका कंपनाला साधारण ४ हजारांश सेकंद. त्याचा निम्मा, २ हजारांश. मध्य पंचम ४९४ चा. त्याला लाट १ हजारांश सेकंदात पोचायला हवी. निम्म्या वेळात!

आता मला सांगा, पुण्याहून मुंबईला निम्म्या वेळात पोचायचं असेल तर काय कराल? एक तर गाडी दुप्पट वेगाने हाणाल. नाहीतर लोणावळ्याहूनच निघाल. (हशा.) हसू नका, बासरीत हेच दोन मार्ग आहेत. हवा वेगाने सोडा, किंवा ओठ कडेच्या जवळ आणा.

मी त्या मुलाला फक्त पहिला मार्ग सांगितला होता. दुसरा मला बोटांनी ठाऊक नसला तरी ओठांनी ठाऊक होता, मी स्वतः तो रोज वापरत होतो. पण वापरतो हे मलाच कळलेलं नव्हतं. शिकवणाऱ्यांची ही मोठी अडचण असते. जे अंगवळणी पडलेलं असतं ते सांगायचं राहून जातं.

ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल फ्लेचर यांनी १९७० च्या दशकात पाश्चात्त्य फ्लूट वाजवणाऱ्या अनुभवी वादकांची मोजमापं घेतली. वरच्या सुरांकडे जाताना तीन गोष्टी घडतात असं दिसलं. तोंडातला हवेचा दाब वाढतो. ओठांची फट लहान होते. आणि ओठ ते कड हे अंतर कमी होतं. यातली पहिली गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, दाब वाढतो ना, मग जोर लागतोच की! लागतो. पण फट लहान झालेली असते, हे विसरू नका. अंगणात झाडांना पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर आपण अंगठा दाबतो. तोटी तेवढीच उघडी असते, तरी धार लांब जाते. जोर आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिका दोन्ही एकदम वाढवतो. हवा भसाभस सोडतो, दोन सेकंदांत छाती रिकामी, सूर फाटलेला आणि डोळ्यांपुढे काजवे.

ही घेरी का येते तेही सांगतो, कारण घरोघरी लोक घाबरतात. भराभर खोल श्वास घेऊन सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरगरतं. अशा वेळी बासरी खाली ठेवायची, शांत बसायचं, नेहमीसारखा श्वास चालू द्यायचा. त्यातून लवकर बरं वाटतं. वारंवार होत असेल, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेटू नये. घेरी येणं म्हणजे दम कमी असणं नव्हे. बहुतेक वेळा तो हवा उधळल्याचा पुरावा असतो.

जत्रेतली बासरी

मग हा जोराचा समज आला कुठून? मला वाटतं, जत्रेतून. लहानपणी आपण सगळ्यांनी जत्रेत शिट्टीची बासरी घेतलेली असते, उभी धरून वाजवायची. आपलं अलगूजही त्याच जातीचं. तोंडाशी बूच असतं, त्यात हवेसाठी बारीक वाट कोरलेली असते आणि समोर कड. ही वाट किती रुंद, कड किती लांब, हे सगळं कारागिराने ठरवून टाकलेलं. वाजवणाऱ्याच्या हातात फक्त एकच गोष्ट उरते, जोर. हळू फुंकलं की खालचा सूर, जोरात फुंकलं की वरचा. तिथे ते बरोबरच आहे.

आडव्या बासरीत ती वाट कोरलेली नसते. आपले ओठ हीच वाट. रुंदी आपण ठरवायची, अंतर आपण ठरवायचं, कोन आपण ठरवायचा. म्हणून ती शिकायला अवघड आणि म्हणूनच तिच्यात गाता येतं. अलगुजावर सूर तसाच धरून आवाज मोठा करायला गेलं की सूर चढतो, काही इलाज नाही. आडव्या बासरीत इलाज आहे. जोराने सूर चढतो. ओठ पुढे आले, मुखरंध्र जास्त झाकलं गेलं, की सूर उतरतो. हे दोन्ही एकमेकांविरुद्ध तोलून धरले तर तार षड्ज हळूही वाजतो, मोठाही वाजतो, आणि तंबोऱ्यापासून हलत नाही. (तार षड्ज लहान आवाजात सुरू करून वाढवतात, पुन्हा कमी करतात.)

बासरीवर ख्याल वाजायला लागला तो ज्यांच्यामुळे, त्या पन्नालाल घोष यांचं इथे नाव घ्यायलाच हवं. जन्म १९११ चा, बारिसालचा. पुढे मुंबईत चित्रपटसृष्टीत काम केलं. १९६० मध्ये गेले. त्यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी रूढ केली आणि सातवं छिद्रही पाडलं. आपल्याला त्यांच्या खर्जाचं, मंद्राचं कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे. पण इतक्या लांब बासरीवर तार सप्तकात जाऊन मिंड, आलाप गळ्यासारखा मांडायचा, हे ओठांचं काम आहे. हरिप्रसाद चौरसिया यांचे वडील पैलवान, स्वतः तेही लहानपणी आखाड्यात गेलेले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून लोक म्हणतात, बघा, पैलवानाचा दम! असेलही. लांब आलापाला दम लागतोच. पण त्यांचा तारसप्तकातला हळुवार सूर ऐका. तिथे आखाडा कुठे ऐकू येतो?

रियाज कसा करायचा

आता प्रत्यक्ष करायचं काय. पाच गोष्टी सांगतो, लिहून घ्या हवं तर.

पहिली, बासरी न घेता. तळहात तोंडापासून वीतभर लांब धरा आणि फुंका. तळहातावर गार डाग जाणवेल. तो आधी पुरीएवढा असतो. ओठांचे कोपरे किंचित मागे, मधली फट लहान, आणि तो डाग रुपयाच्या नाण्याएवढा करायचा. गाल फुगवायचे नाहीत. मग मेणबत्ती लावा. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये, आणि दहा सेकंद तशीच वाकलेली राहिली पाहिजे. घरात लहान मुलं असतील तर तीही लगेच सामील होतात.

दुसरी, एकाच बोटांवर दोन सा. वरची तीन छिद्रं बंद ठेवून मध्य षड्ज लावा. आता जोर न वाढवता ओठ सावकाश पुढे सरकवा, ‘पू’ म्हणताना जातात तसे, आणि फट लहान करत न्या. एका क्षणी सूर आपोआप उडी मारून तार षड्जावर जातो. (वाजवून दाखवतात.) ऐकलंत? आवाज वाढला नाही. तसंच परत खाली या. वर जाण्यापेक्षा खाली येणं महत्त्वाचं, कारण त्यात ताबा कळतो. तार षड्ज हा पंचमापेक्षा वरचा सूर, तरी आधी तोच घ्यायचा. तीनच बोटं बसवायची असतात, गळतीची भीती कमी.

तिसरी, मग पंचम. सहाही छिद्रं बंद, मंद्र पंचम स्थिर, आणि तीच ओठांची हालचाल. लागत नसेल तर एक चाचणी करा. पहिल्या छिद्रावरचं बोट केसभर कलतं करा, किंचित फट राहील इतकंच. ते छिद्र सगळी बोटं बसवलेल्या नळीच्या जवळपास मधोमध येतं. मधोमध जरा हवा सुटली की खालचा पंचम टिकत नाही, वरचा मात्र खुशाल टिकतो. अशाने पंचम चटकन लागला, तर तुमची बाकीची बोटं व्यवस्थित आहेत, काम ओठांचं उरलं आहे. तरीही लागला नाही, तर खालचं एखादं बोट नक्की गळतंय. बहुधा उजव्या हाताची अनामिका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांना ‘दम नव्हता’, तो खरं तर त्या अनामिकेखालून जात होता!

चौथी, उंबरठा ओलांडणं. ग–प–ग, मग म–प–म. आधी जिभेने ‘तू’ असा हलका आघात करून, मग एका श्वासात आघाताशिवाय. सहा बोटं एकदम पडली पाहिजेत. मागेपुढे पडली तर मध्ये भलताच सूर चमकतो. सावकाश करा, तंबोऱ्यावर करा. मोबाइलमधला तंबोरा चालेल.

पाचवी, तार सप्तक. तार रे, तार ग यांची बोटं खालच्यासारखीच. एका आठवड्यात एकच सूर वाढवायचा. तार पंचमाला मात्र बोटं बदलतात. पहिलं छिद्र उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी. बासरी-बासरीत थोडा फरक पडतो, पण मूळ हे. याचं कारण गमतीचं आहे. सा च्या नळीत सा च्या तिप्पट कंपनं जागी करता येतात, आणि सा ची तिप्पट म्हणजे नेमका तार पंचम. सा १, तार सा २, तार प ३. पहिलं छिद्र त्या नळीच्या साधारण दोन-तृतीयांशावर असतं. तिथे हवा सुटली की १ आणि २ मोडतात, ३ टिकतो. कोणा वादकाने कधीतरी कानाने शोधलेली ही युक्ती गणितातही तशीच बसते, याचा मला आजही आनंद होतो.

हे सगळं रोज दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. ओठांचे स्नायू लहान असतात, थकले की आपण नकळत पुन्हा जोराकडे वळतो. आणि रियाजाचा शेवट नेहमी मंद्रात करायचा. लांब, शांत मंद्र पंचम. ओठ सैल होतात.

एवढं करूनही कधी कधी दोष बासरीचाच असतो. मुखरंध्राची पलीकडची कड बोथट झालेली, आत बूच सरकलेलं, बांबूला बारीक चीर गेलेली. आपल्या जाणत्याला एकदा ती वाजवून बघायला द्या. त्याच्याकडे पंचम लागला तर बासरी निर्दोष. मग रुसायचं नाही.

दोन प्रश्न

(श्रोत्यांमधून: माझं वय सदुसष्ट, वरची कवळी आहे. मला वरचे सूर लागतील का?)

लागतील. ओठांना मागून दातांचा आधार लागतो, तो कवळीही देते, पण ती घट्ट बसलेली हवी. हलत असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. (हशा.) आणि फार लांब बासरी घेऊ नका, बोटं ताणली की ओठही ताणले जातात. मध्यम बासरीने सुरुवात करा.

(श्रोत्यांमधून: त्या मुलाचं पुढे काय झालं?)

हा प्रश्न येईल याची मला थोडी धास्तीच होती. दोनेक वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. आता त्याचीच मुलगी आठवीत आहे. त्याने ओळख दिली, पाया पडला. मी त्याला जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या हे सगळं सांगितलं, तळहातावर फुंकून दाखवलं. म्हणालो, दम तुझ्यात होता, चूक माझी होती. त्याने ऐकून घेतलं, हसला, आणि म्हणाला, ‘सर, मी इतकी वर्षं सगळीकडे सांगत आलो, मला वाऱ्याची वाद्यं जमत नाहीत.’

तो पुन्हा शिकायला आला नाही. मुलीला पाठवतो म्हणाला होता, अजून पाठवलेली नाही. मी वाट बघतोय.

तुमच्यात कुणी शिकवणारे असतील, त्यांना एवढीच विनंती. समोरच्याचा सूर लागत नसेल तर ‘जोर लाव’ म्हणायच्या आधी त्याच्या ओठांकडे बघा, बोटांकडे बघा. आणि शिकणारे असाल, तर घरी जाऊन आधी तळहातावर फुंकून बघा. डाग केवढा पडतो ते मला पुढच्या वेळी सांगा.